ढगांआडचा शुक्र आणि किल्लारीची जमीन

शुक्राची चांदणी आपल्याकडे लहान मुलालाही ओळखता येते. सूर्य आणि चंद्र सोडले तर आकाशात नेहमी दिसणाऱ्या गोलांत तिच्याइतके तेजस्वी दुसरे काही नाही. गंमत अशी, की ज्या कारणाने शुक्र इतका झळकतो, त्याच कारणाने त्याची जमीन आपल्याला दिसत नाही. या ग्रहाभोवती गंधकाम्लाच्या ढगांचा अखंड थर आहे. त्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे तीन-चतुर्थांश प्रकाश तो परत फेकतो. गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून शुक्राच्या कला पाहिल्या. त्यानंतर साडेतीनशे वर्षे लोक दुर्बिणी मोठ्या करत गेले, पण शुक्रावर डोंगर आहेत की समुद्र, एवढेच काय, त्याचा दिवस किती तासांचा, हेही कोणाला सांगता येईना.

हा पडदा शेवटी रडारने दूर केला. ते कसे झाले याचा इतिहास मोठा रंजक आहे आणि शाळेत शिकवल्या जाणाऱ्या भौतिकशास्त्रानेच तो समजून घेता येतो. शिवाय ही गोष्ट शुक्रावर संपत नाही. ती धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांच्या सीमेवर, तेरणेच्या काठी येऊन पोचते.

प्रतिध्वनीची दोन उत्तरे

बालाघाटातल्या एखाद्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली आणि ती दोन सेकंदांनी परत आली, तर कडा किती दूर आहे हे आठवीतला मुलगाही सांगेल. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जाण्याला एक सेकंद, येण्याला एक सेकंद. म्हणून कडा ३४० मीटरवर. रडार हेच करते. फरक इतकाच, की हाकेऐवजी रेडिओ लहरींचा स्पंद सोडायचा आणि ध्वनीच्या वेगाऐवजी सेकंदाला तीन लाख किलोमीटर हा प्रकाशाचा वेग धरायचा. शुक्राच्या ढगांतून या लहरी सहज आरपार जातात. खालच्या जमिनीवर आपटून त्या परत येतात.

प्रतिध्वनी आणखी एक गोष्ट सांगतो. एसटी हॉर्न वाजवत आपल्याकडे येते तेव्हा आवाज चढा वाटतो आणि पुढे निघून गेली की तो उतरतो. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. रेडिओ लहरींचेही तसेच आहे. ज्यावरून लहर परतली ती वस्तू जवळ येत असेल तर लहरीची वारंवारता किंचित वाढते, दूर जात असेल तर किंचित घटते. म्हणजे प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून अंतर कळते आणि वारंवारतेतल्या बदलावरून गती कळते. रडारने काढलेले सगळे नकाशे या दोन उत्तरांवर उभे आहेत.

मार्च १९६१ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, गोल्डस्टोन येथील अँटेनांनी शुक्रावरून आलेला प्रतिध्वनी खात्रीने टिपला. शुक्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे सव्वाचार कोटी किलोमीटरवर असला तरी या फेरीला साडेचार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. या मोजणीतून सूर्य आणि पृथ्वी यांमधले अंतर पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक ठरवता आले. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, शुक्राची परिवलनगती उलगडली. फिरणाऱ्या गोलाची एक कड आपल्याकडे येत असते आणि दुसरी दूर जात असते, त्यामुळे परतणारी लहर एकाच वारंवारतेची न राहता थोडी पसरते. किती पसरली त्यावरून गोल किती वेगाने फिरतो ते काढता येते. उत्तर सर्वांना चकित करणारे होते. शुक्र स्वतःभोवती फिरायला पृथ्वीचे २४३ दिवस घेतो आणि तोही बहुतेक ग्रहांच्या उलट दिशेने. त्याचे वर्ष मात्र २२५ दिवसांचे. म्हणजे स्वतःभोवतीची एक फेरी वर्षापेक्षा मोठी!

यानच का हवे?

मग पृथ्वीवरूनच शुक्राचा सगळा नकाशा का काढला नाही? कारण दोन आहेत. पहिले साधे आहे: अंतर फार, प्रतिध्वनी फार क्षीण. दुसरे चमत्कारिक आहे. शुक्र दर ५८४ दिवसांनी पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो आणि जवळ येताना दर वेळी त्याची जवळपास तीच बाजू आपल्याकडे असते. त्यामुळे एक बाजू पुन्हा पुन्हा पाहायला मिळे, दुसरी मात्र कोरीच राही. पूर्ण नकाशा हवा तर शुक्राभोवती फिरणारे यान पाठवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

ते काम प्रथम केले अमेरिकेच्या ‘पायोनियर व्हीनस’ यानाने. ४ डिसेंबर १९७८ रोजी ते शुक्राभोवतीच्या कक्षेत गेले. त्यावरचे रडार मुख्यतः उंची मोजणारे होते. त्याने शुक्राच्या सुमारे ९३ टक्के पृष्ठभागाचे चढउतार मोजले. पण बारकाई किती? एक ठिपका साधारण शंभर किलोमीटरचा. धाराशिव जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर आहे. शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा हजार. अख्खा जिल्हा त्या नकाशाच्या एका ठिपक्यात मावला असता आणि वर जागा उरली असती.

पुढची पायरी सोव्हिएत रशियाने गाठली. जून १९८३ मध्ये निघालेली ‘व्हेनेरा १५’ आणि ‘व्हेनेरा १६’ ही याने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शुक्रापाशी पोचली. उत्तर ध्रुवापासून ३० अंश उत्तर अक्षांशापर्यंतचा, म्हणजे ग्रहाच्या सुमारे एक-चतुर्थांश पृष्ठभागाचा नकाशा त्यांनी काढला. येथे ठिपका एक ते दोन किलोमीटरचा होता. जिल्ह्यावरून आपण आता एखाद्या लहान गावाच्या शिवारावर आलो.

त्यानंतर आले ‘मॅगेलन’. त्याचा ठिपका शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत खाली आला. शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद म्हणजे बरोबर एक हेक्टर. जिल्हा, शिवार, शेत: बारा वर्षांत नकाशाची बारकाई अशी वाढली.

लहान अँटेना मोठा कसा झाला?

ही बारकाई मिळवणे सोपे नव्हते. मॅगेलनच्या रडारची तरंगलांबी १२.६ सेंटिमीटर आणि अँटेनाचा व्यास ३.७ मीटर होता. अँटेनातून निघणारा झोत पुढे पसरत जातो. किती पसरतो याचा ढोबळ हिशेब असा: तरंगलांबीला अँटेनाच्या रुंदीने भागायचे. ३७० भागिले १२.६ म्हणजे सुमारे २९. याचा अर्थ, दर २९ किलोमीटर अंतरामागे झोत एक किलोमीटर पसरणार. यान जमिनीपासून ३०० किलोमीटरवर असेल तर झोताचा पट्टा दहा किलोमीटर रुंद होईल आणि त्याहून लहान गोष्टी एकमेकींत मिसळून जातील. शंभर मीटरची बारकाई हवी तर अँटेना शंभर पट मोठा, म्हणजे ३७० मीटर रुंदीचा लागेल. असा अँटेना शुक्रापर्यंत नेणार कोण?

याचे उत्तर १९५१ मध्येच सापडले होते. कार्ल वायली हा अमेरिकन अभियंता त्या वेळी विमानातल्या रडारवर काम करत होता. त्याच्या लक्षात आले, की विमान पुढे जात असल्यामुळे समोरच्या भागातून येणाऱ्या प्रतिध्वनीची वारंवारता थोडी चढलेली असते, मागे पडलेल्या भागातून येणाऱ्याची उतरलेली असते आणि बरोबर बाजूच्या भागाची तशीच राहते. तेव्हा झोत रुंद असला तरी बिघडत नाही. आलेले प्रतिध्वनी वारंवारतेप्रमाणे निवडून वेगळे केले की झोताचे बारीक बारीक काप पडतात. दुसऱ्या शब्दांत, यान पुढे सरकताना वेगवेगळ्या जागी घेतलेले प्रतिध्वनी साठवायचे आणि नंतर गणिताने एकत्र करायचे. मग जणू तेवढ्या लांबीचा एकच अँटेना वापरल्यासारखा परिणाम मिळतो. म्हणूनच या रडारला सिंथेटिक अपर्चर रडार, थोडक्यात सार, असे नाव पडले. न नेलेला ३७० मीटरचा अँटेना असा गणिताने उभा राहतो.

आता नकाशा कसा बनतो ते पाहा. जमिनीवरचा एखादा बिंदू यानापासून किती दूर आहे ते वेळेवरून कळते. तो पुढे आहे की मागे आणि किती, ते वारंवारतेवरून कळते. आलेख कागदावर क्ष आणि य दिले की बिंदूची जागा ठरते, तसेच हे. एक अडचण मात्र उरते. यानाच्या डाव्या आणि उजव्या अंगाला सारख्याच अंतरावरचे दोन बिंदू यात वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणून असे रडार सरळ खाली न पाहता नेहमी एका कुशीकडे, तिरपे पाहते.

चित्र वाचण्याचीही एक रीत आहे. रडारच्या चित्रात उजळ म्हणजे प्रकाशमान नव्हे. खडबडीत जमीन लहरी सगळीकडे उधळते, त्यातल्या काही यानाकडे परततात आणि तो भाग उजळ दिसतो. गुळगुळीत जमीन लहरींना पुढच्या पुढे परावर्तित करते, म्हणून ती काळी दिसते. आपल्याकडचे साठवण तलाव अशा चित्रात काळे दिसतात. गावे मात्र लख्ख उजळतात. कारण भिंत आणि जमीन यांचा काटकोन लहरींना आल्या वाटेने परत धाडतो. कॅरमच्या कोपऱ्याजवळ दोन्ही पट्ट्यांवर आपटून सोंगटी माघारी फिरते, तशी ही युक्ती आहे.

काटकसरीचे यान

मॅगेलनचा जन्म काटकसरीतून झाला. आधी आखलेली अधिक महागडी योजना अमेरिकी सरकारने १९८२ मध्ये रद्द केली. मग शास्त्रज्ञांनी उद्दिष्टे कमी केली आणि इतर यानांसाठी बनवलेले सुटे भाग गोळा केले. मोठा अँटेना होता तो व्हॉयेजर यानांसाठी केलेला राखीव. तोच रडारसाठी वापरायचा आणि तोच पृथ्वीकडे माहिती पाठवण्यासाठीही. त्यामुळे प्रत्येक फेरीत शुक्राच्या जवळून जाताना सुमारे ३७ मिनिटे यान खाली पाही आणि दूर गेल्यावर अंग वळवून पृथ्वीशी बोले. पुन्हा जवळ येताच पुन्हा खाली.

४ मे १९८९ रोजी ‘अटलांटिस’ या स्पेस शटलमधून निघालेले हे यान १० ऑगस्ट १९९० रोजी शुक्राच्या कक्षेत पोचले. सहाच दिवसांनी त्याच्याशी संपर्क तुटला. अर्ध्या दिवसाहून अधिक काळ ते गप्प होते. सापडले आणि काही दिवसांत पुन्हा एकदा हरवले. या संकटांतून सावरून १५ सप्टेंबर १९९० पासून नकाशाचे काम सुरू झाले.

त्यातले गणित वर्गात सोडवून पाहण्याजोगे आहे. यान ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत फिरे आणि एका फेरीला सुमारे सव्वातीन तास लागत. यानाची कक्षा अवकाशात जागच्या जागी. तिच्याखाली शुक्र सावकाश फिरणार. शुक्राची एक फेरी २४३ दिवसांची, म्हणजे ५,८३२ तासांची. त्यात यानाच्या जवळजवळ १,८०० फेऱ्या होतात. शुक्राचा विषुववृत्तीय परीघ सुमारे ३८,००० किलोमीटर. भागाकार केला तर प्रत्येक फेरीत विषुववृत्तावरची जमीन सुमारे २१ किलोमीटर सरकते. मॅगेलनच्या पट्ट्याची रुंदी साधारण २० ते २५ किलोमीटर, म्हणजे धाराशिवपासून तुळजापूरपर्यंत असेल तेवढी. त्यामुळे शेजारचे पट्टे एकमेकांना लागून पडत गेले. एकेक पट्टा सोळा-सतरा हजार किलोमीटर लांब आणि जेमतेम एवढा रुंद. शास्त्रज्ञ त्यांना गमतीने ‘नूडल्स’ म्हणत. आपण शेवया म्हणू. या शेवया शेजारी शेजारी मांडून ग्रहाचा नकाशा तयार झाला.

मे १९९१ मध्ये पहिली फेरी पुरी झाली तेव्हा सुमारे ८४ टक्के पृष्ठभाग नकाशावर आला होता. सप्टेंबर १९९२ पर्यंत हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेले. त्या काळी आपल्याच पृथ्वीच्या समुद्रतळाचा इतका तपशीलवार नकाशा उपलब्ध नव्हता.

ओळखीचा दगड, ओळखीची नावे

नकाशात काय दिसले? बहुतेक सगळीकडे लाव्ह्याची मैदाने. त्यापूर्वी, मार्च १९८२ मध्ये, ‘व्हेनेरा १३’ आणि ‘व्हेनेरा १४’ ही रशियन याने शुक्रावर उतरली होती. सुमारे ४६० अंश सेल्सिअस तापमान आणि पृथ्वीच्या नव्वद पटींहून अधिक दाब सोसत त्यांनी तिथल्या दगडाची रासायनिक तपासणी केली. तो दगड बेसाल्टसारखा निघाला. बेसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. नळदुर्गचा आणि परंड्याचा किल्ला ज्याचा आहे, विहीर खणताना ज्याला सुरुंग लावावा लागतो, तोच खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि मराठवाड्याची जमीन घडली. पुढे त्या खडकाची झीज होऊन काळी माती झाली. शुक्रावर मात्र ना पाणी, ना माती. लाव्हा पसरला तसाच राहिला.

उल्कापाताने झालेली सुमारे एक हजार विवरे शुक्रावर मोजली गेली. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाच्या नियमानुसार शुक्रावरच्या जवळजवळ सर्व ठिकाणांना स्त्रियांची नावे देतात आणि मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची. त्यांत ‘जोशी’ नावाचे सुमारे ३५ किलोमीटर व्यासाचे एक विवर आहे. १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेऊन दुसऱ्याच वर्षी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात निधन पावलेल्या आनंदीबाई जोशी यांचे ते नाव. पंडिता रमाबाईंच्या नावाचे ‘मेधावी’ हे विवर आहे. ते त्यांचे सासरचे आडनाव. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख राहिलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्याही नावाचे विवर आहे. शुक्राच्या नकाशावर महाराष्ट्राची अशी तीन नावे आहेत, हे मुलींच्या वर्गात आवर्जून सांगावे.

दुसऱ्यांदा पाहण्याचा गुण

मॅगेलनने शुक्राचा बराचसा भाग एकाहून अधिक वेळा पाहिला. पहिल्या नकाशाचे कौतुक फार झाले. दुसऱ्याचे महत्त्व कळायला वेळ लागला. शुक्रावरचे ज्वालामुखी अजून जागते आहेत का, हा जुना प्रश्न होता. उत्तर द्यायचे तर तीच जागा दोन वेगळ्या वेळी पाहून फरक शोधायला हवा. पण दोन फेऱ्यांत यानाने वेगवेगळ्या कोनांतून पाहिले होते, त्यामुळे चित्रे ताडून पाहणे किचकट होते.

मार्च २०२३ मध्ये रॉबर्ट हेरिक आणि स्कॉट हेन्स्ली यांनी असा एक बदल सापडल्याचे जाहीर केले. ‘माट मॉन्स’ या मोठ्या ज्वालामुखीजवळचे एक मुख फेब्रुवारी १९९१ च्या चित्रात सुमारे दोन चौरस किलोमीटरचे आहे. ऑक्टोबर १९९१ च्या चित्रात तेच चार चौरस किलोमीटरचे आणि वेड्यावाकड्या आकाराचे झाले आहे. आठ महिन्यांत तिथे काहीतरी घडले होते. मॅगेलन ऑक्टोबर १९९४ मध्ये शुक्राच्या वातावरणात शिरून नष्ट झाले. त्याने ठेवलेल्या नोंदींनी हे उत्तर तीस वर्षांनी दिले.

एक नकाशा ‘काय आहे’ ते सांगतो. ‘काय बदलले’ ते कळायला दोन लागतात आणि त्यांतला पहिला आधीच काढून ठेवलेला असावा लागतो. ही गोष्ट शुक्रापेक्षा आपल्या मराठवाड्यासाठी अधिक मोलाची आहे.

३० सप्टेंबर १९९३

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातील औसा तालुका आणि त्या वेळी उस्मानाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील उमरगा तालुका, येथे सर्वाधिक हानी झाली. किल्लारी, सास्तूर, होळी, पेठसांगवी अशी बावन्न गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती, जगाच्या हिशेबात हा फार मोठा भूकंप नव्हे. पण तो उथळ होता, रात्रीच्या वेळी आला आणि घरे दगडमातीच्या जाड भिंतींची, वर मातीच्या माळवदाचा भार असलेली होती. माणसे त्या भाराखाली सापडली.

भूवैज्ञानिकांना धक्का होता तो वेगळा. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूखंड, येथे मोठा भूकंप होणार नाही, अशी सर्वसाधारण समजूत होती. किल्लारीजवळच्या शेतांत काही ठिकाणी जमीन फाटून हातभर वर आलेली दिसली. पण काळ्या मातीखाली खडक नेमका कुठे, किती आणि कोणत्या बाजूला हलला? भूकंपाआधी तेथे तशी बारीक मोजणी करून ठेवण्याचे कोणाला कारणच नव्हते.

येथे पुन्हा रडारचा संबंध येतो. जुलै १९९१ मध्ये युरोपने ‘ईआरएस-१’ हा रडार उपग्रह पृथ्वीभोवती सोडला होता. जून १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात लँडर्स येथे भूकंप झाला. फ्रान्समधील दिदिए मासोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या आधीची आणि नंतरची या उपग्रहाची चित्रे ताडून जमीन किती सरकली ते दाखवले. हा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात जुलै १९९३ मध्ये छापून आला. किल्लारीला तेव्हा तीन महिनेही उरले नव्हते.

या पद्धतीला इंटरफेरोमेट्री म्हणतात. तिचे तत्त्व घड्याळावरून समजते. नुसता मिनिटकाटा पाहिला तर किती वाजले ते कळत नाही, पण तासाचा कितवा भाग गेला ते अचूक कळते. परत आलेली लहर आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे, तिची कला काय आहे, हे रडार असेच टिपते. दोन वेळच्या कलांची वजाबाकी केली की जमीन उपग्रहाच्या दिशेने किती सरकली ते तरंगलांबीच्या लहानशा भागाइतके बारीक कळते. ईआरएस-१ ची तरंगलांबी सुमारे ५.७ सेंटिमीटर. लहर जाते आणि येते, म्हणून जमीन २.८ सेंटिमीटर सरकली की एक पूर्ण आवर्तन होते. हा फरक नकाशावर रंगांच्या पट्ट्यांनी दाखवतात. पट्टे मोजायचे आणि २.८ ने गुणायचे. सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून बोटभर हालचाल मोजता येते ती अशी.

पण अट तीच: आधीचे चित्र हवे. भूकंप झाल्यावर ते काढता येत नाही. शिवाय शेतीच्या मुलखात दुसरी अडचण येते. पेरणी, नांगरट, उगवलेले पीक, पाऊस यांनी जमिनीचा वरचा पोत बदलतो आणि आखूड लहरींच्या कला विस्कटून जातात. वाळवंटात जे सहज जमले ते ज्वारीच्या शिवारात अवघड. तरीही या दिशेने काम झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील एस. पी. सत्यबाला यांनी किल्लारीच्या भूकंपात जमिनीचे विरूपण कसे झाले, हे उपग्रहीय रडारच्या इंटरफेरोमेट्रीने अभ्यासले. त्यांचा निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, भूकंपानंतर तेरा वर्षांनी. आभाळातून जाता जाता घेतलेली आणि साठवून ठेवलेली चित्रे अशी कामाला आली.

येथे एक खुलासा करायला हवा. रडारने किल्लारीचा भूकंप आधी सांगता आला नसता, आजही कोणताच भूकंप सांगता येत नाही. माणसे वाचतात ती भूकंप सोसणाऱ्या घरांनी. रडारचे काम वेगळे: ‘स्थिर’ म्हटलेली जमीन खरोखर किती स्थिर आहे, हे समजुतीवर न सोडता मोजत राहणे.

आता ढगांखाली आपण

भारताने हे तंत्र टप्प्याटप्प्याने आपलेसे केले. २००८ मध्ये निघालेल्या चांद्रयान-१ वर अमेरिकेने दिलेले छोटे सार रडार होते. चंद्राच्या ध्रुवाजवळच्या सदैव अंधाऱ्या विवरांत बर्फ असल्याची चिन्हे त्याने टिपली. २६ एप्रिल २०१२ रोजी भारतात घडवलेले सार रडार घेऊन ‘रिसॅट-१’ उपग्रह गेला. २०१९ मधील चांद्रयान-२ च्या परिभ्रमकावर दोन तरंगलांबींचे भारतीय रडार होते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून ‘निसार’ निघाला. भारताची इस्रो आणि अमेरिकेची नासा यांनी मिळून केलेला हा उपग्रह ७४७ किलोमीटर उंचीवरून, दर बारा दिवसांनी तीच जमीन पुन्हा पाहण्यासाठी आखलेला आहे. त्याचा जाळीचा परावर्तक १२ मीटर व्यासाचा आहे. त्यावर दोन रडार आहेत. त्यांतल्या नासाच्या रडारची तरंगलांबी २४ सेंटिमीटर. एवढ्या लांब लहरी पिकाच्या पानांना फारशा अडत नाहीत, त्यामुळे शेतीच्या मुलखातही कलांची वजाबाकी अधिक चांगली जमते. ज्वारीच्या शिवारातली अडचण आता पुष्कळ कमी होईल.

धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्याला त्याचा आणखी एक उपयोग आहे. खरिपात पेरणीपासून सोयाबीन भरेपर्यंत, म्हणजे ओलाव्याची माहिती जेव्हा खरी हवी असते तेव्हाच, आभाळ झाकलेले असते. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला त्या दिवसांत ढगांचा वरचा भाग दिसतो, जसा शुक्राचा दिसे. रडारला ढगांची अडचण नाही. शिवाय कोरड्या मातीपेक्षा पाण्यावर रेडिओ लहरींचा परिणाम कितीतरी अधिक होतो, त्यामुळे ओली माती आणि कोरडी माती रडारला वेगळी ‘दिसते’. पाऊस पडला पण मुरला किती, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

आणि शुक्र? केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये भारताच्या शुक्रमोहिमेला मंजुरी दिली. त्या यानावरही सार रडार नेण्याची योजना आहे. मॅगेलनने पाहिलेली जमीन पुन्हा पाहिली जाईल तेव्हा मधल्या काळात काय बदलले ते कळेल, कारण ताडून पाहायला मॅगेलनच्या शेवया जपून ठेवलेल्या आहेत.

या इतिहासातून शाळेने घेण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तिला रडार लागत नाही. शाळेजवळच्या विहिरीतल्या पाण्याची खोली दर पंधरवड्याला दोरीने मोजून वहीत लिहावी. पर्जन्यमापकात पडलेला पाऊस रोज लिहावा. दोन्हींपुढे तारीख घालावी आणि वही दरवर्षी पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. पहिल्या वर्षी त्या आकड्यांतून फारसे काही कळणार नाही. दहा वर्षांनी दुष्काळ पडला, किंवा जवळपास नव्याने बोअर पडल्या, तेव्हा ‘पूर्वी पाणी किती होते?’ असे कोणीतरी विचारील. गावात त्याचे नेमके उत्तर फक्त त्या वहीत असेल.